चमचाभर जिन

आमटीत मीठ तिपटीने पडलं होतं आणि शालन माझ्या तोंडाकडे बघत होती.

“कशी झाली?”

“बरी झाली.”

“मीठ?”

“बरोबर आसा.”

मी दुसरा घास घेतला. भात चावत राहिलो. तिने हात पुढे करून माझ्या ताटातल्या आमटीत बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून थांबली. मग वाटीत थोडी आमटी घेऊन भात कालवला आणि पडवीत ठेवला. मांजर आलं, हुंगलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेलं.

“मांजराक कळला,” ती म्हणाली. “तुमकापण कळला. तुमी सांगूक नाय.”

“थोडा जास्त झाला आसात.”

“गेली,” ती म्हणाली.

“काय गेली?”

“चव.”

तो शुक्रवार होता. केमोची चौथी बाटली चढवून नऊ दिवस झाले होते. तिचे केस गेले तेव्हा ती रडली नव्हती, डोक्याला पंचा बांधून चुलीसमोर बसली होती. त्या शुक्रवारी मात्र ती पडवीत खांबाला टेकून संध्याकाळपर्यंत बसून राहिली. आमच्या वाडीत कुणाकडे लग्न-बारसं असलं की वाटप, म्हणजे वाटलेला मसाला, घालायला शालनला बोलवायचे. तिच्या हाताला माप होतं. ती चाखून बघायचीसुद्धा नाही.

माझं नाव सदाशिव राऊळ. आमचं गाव बांद्याजवळ. एकतीस वर्षं मी हिवताप खात्यात नोकरी केली. दर पंधरवड्याला घरोघर जायचं, तापाचं माणूस असेल तर बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवर तारीख लिहायची. गोळी क्लोरोक्वीनची, पण जुनी माणसं तिला कोयनेलच म्हणायची, कारण त्यांच्या लहानपणी कोयनेल, म्हणजे क्विनीन, मिळायचं आणि कडूपणात दोघांचं गोत्र एकच. लोक गोळी गालात धरून ठेवायचे आणि मी वळलो की माडाच्या बुंध्याशी थुंकायचे. म्हणून मी समोर उभा राहायचो. “गीळ. आता तोंड उघड. जीभ वर कर.” माझ्या भागात कुणाची गोळी चुकली नाही, हा मला अभिमान होता.

शालनची चव गेल्यावर मी तेच केलं. तिच्यासमोर पाट मांडून बसायचो.

“ह्यो घास गीळ.”

“गिळलंय.”

“तोंड बघूया.”

“मी तुमचो पेशंट नाय,” ती म्हणायची. “तोंडात माती घातल्यासारखी वाटता. माती किती गिळू?”

पण मला दुसरं काही येत नव्हतं. गोव्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन चाळीस किलोच्या खाली असेल तर पाचवी बाटली देता येणार नाही, आणि पाचवी-सहावी दिली नाही तर आधीच्या चारांचा उपयोग राहणार नाही. शालन तेव्हा अडतीसवर होती.

पाचव्या बाटलीच्या तारखेला आम्ही पहाटेच्या गाडीने निघालो. काट्यावर उभी करायच्या आधी मी तिला तांब्याभर पाणी पाजलं. काटा साडेसदतीसवर थांबला. डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“पंधरा दिवस देते,” त्या म्हणाल्या. “तोपर्यंत चाळीस झालं पाहिजे. नाही झालं, तर आपण थांबू.”

“काय खायला देऊ?”

“आता पथ्य काही नाही. जे खावंसं वाटेल ते. आजी, काय खावंसं वाटतं?”

शालन माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “तिला पेज आवडते.”

*

आमची परतीची गाडी सव्वाचारची होती आणि इस्पितळातून पणजीला पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. उन्हात स्टँडवर बसणं तिला शक्य नव्हतं. स्टँडच्या मागे, पाण्याच्या कडेला, एक बुटकं कौलारू घर दिसलं. दाराला पडदा होता, आत पंखा फिरत होता. मला वाटलं खानावळ. आत गेल्यावर फळीवरच्या बाटल्या दिसल्या.

“हयसर नको,” मी म्हटलं. “ह्यो बार.”

“पंखो आसा,” शालन म्हणाली आणि पहिल्याच टेबलाशी बसली.

मी दारूला कधी शिवलो नव्हतो. व्रत असं काही नव्हतं. घरोघर जाणाऱ्या माणसाच्या तोंडाला वास येऊ नये एवढंच होतं, आणि पुढे तीच सवय झाली. तिथे बसताना मला उगाच वाटत होतं की गावातलं कुणीतरी पडदा सारून आत येईल आणि म्हणेल, राऊळांनू, तुमी?

आत आम्ही सोडून एकच गिऱ्हाईक होतं, फ्रॉक घातलेली एक म्हातारी बाई. तिच्यासमोर उंच पेला होता, आणि ती त्यातून घोट घेत खिडकीतून पाण्याकडे बघत होती. फळीमागे एक सत्तरीचा माणूस होता. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, खांद्यावर पांढरा पंचा. म्हातारीने त्याला कायतान म्हणून हाक मारली, त्यावरून नाव कळलं.

तो आमच्या टेबलाशी आला. “कितें जाय?” काय हवं?

“हिका कायतरी थंड,” मी म्हटलं. “दारू नको. गोड नको, गोडान मळमळता.”

त्याने एक लहान बाटली फोडून पेल्यात ओतली. साध्या सोड्यासारखी दिसत होती. शालनने पेला उचलला, एक घोट घेतला आणि थांबली. मला वाटलं, उलटी येणार. मी पिशवीतून पंचा काढला.

“ह्या कडू आसा,” ती म्हणाली.

“तुका नको तर ठेव.”

“अहो, ह्या कडू आसा!”

तेव्हा मला समजलं. मी तिच्या हातातून पेला घेतला आणि ओठाला लावला. त्या चवीला मी अंधारातसुद्धा ओळखलं असतं. गोळ्यांची पाकिटं फोडताना बोटांना लागायची, मग जेवताना घासाला लागायची.

“कोयनेल,” मी म्हटलं.

“टॉनिक,” कायतान म्हणाला. “कोयनेल घालतात तांतूंत. चड ना, इल्लें.” थोडंसंच.

शालनने पेला माझ्याकडून परत घेतला. दुसरा घोट घेतला. गेल्या दोन आठवड्यांत कुठल्याही पदार्थाचा दुसरा घोट तिने आपणहून घेतलेला मी बघितला नव्हता. मी हलायलाही घाबरलो. बाहेर खाडीत होड्या बांधलेल्या होत्या. पाण्यावरचं ऊन आत येऊन छपरावर हलत होतं, आणि पंख्याच्या प्रत्येक फेऱ्याला ते तुटून पुन्हा जुळत होतं.

“ती बाई काय पिता?” शालनने विचारलं.

कायतानने म्हातारीकडे बघितलं. “तेंच. तांतूंत जिन आसा.”

“ती रोज पिता?”

“रोज एक. जेवचे पयलीं. ताका लागून जेवता.” त्यामुळेच ती जेवते.

“माका तसा होया,” शालन म्हणाली.

“शालन!”

“डॉक्टरीण काय म्हणाली? खावशी वाटात ता खा. माका ह्या वाटता.”

“खा म्हणाली. पी नाय म्हणाली.”

“जाऊन इचारून येवा मगे,” ती म्हणाली. “मी हयच बसतंय.”

म्हातारी खिडकीकडे बघत हसली. मी कायतानला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आजार, चार बाटल्या, चाळीस किलो. त्याने ऐकून घेतलं. “चमचोभर घालूं,” तो म्हणाला. “चमच्यान कोण मरना.” मग तो परत टेबलाशी गेला, दोन्ही हात टेबलावर टेकले आणि तिला विचारलं, “कशें जाय?” कसं हवं?

“म्हणजे?”

“बर्फ? चड, उणो, ना?” जास्त, कमी की नकोच?

“बर्फ नको,” मी म्हटलं. “तिका सर्दी होता.”

“तुका विचारूंक ना,” कायतान म्हणाला.

“तिका काय म्हायत? तिना कधी—”

“जीब कोणाची?”

“तिची.”

“मागीर तूं कित्याक उलयता?” मग तू कशाला बोलतोस?

मी काढलेला पंचा परत पिशवीत ठेवला. कायतान शालनकडे बघत उभा राहिला. त्याला घाई नव्हती. ती माझ्याकडे बघायला लागली.

“तुमीच सांगा.”

“मी काय सांगू? मी खंय प्यालंय?”

“मगे तुमका कसा बरा वाटता तसा करा,” ती कायतानला म्हणाली.

“हांव दुसऱ्याच्या जिबेन ओतिना,” तो म्हणाला. दुसऱ्याच्या जिभेने मी ओतत नाही. “चाळीस वर्सां जालीं. तुजें तूं सांग.”

ती टेबलावरच्या ओल्या वर्तुळावर बोट फिरवत बसली. त्या वेळात बाहेर एक होडी सुटून गेलेली मला आठवते. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “माका म्हायत नाय, माका कसा आवाडता.”

मला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही. “बरें,” म्हणाला. “करून पळोवया.” करून बघू.

त्याने चार लहान पेले आणले, आपल्याकडे कोकमाचं सार देतात तसले. पहिल्यात बर्फ भरला, चमचाभर जिन घातली, वरून टॉनिक. शालनने घोट घेतला, मान हलवली.

“थंड तेवढा कळता. कडू खंय गेला?”

दुसऱ्यात बर्फ नाही, अर्धं लिंबू पिळून. तिने तो थोडा वेळ तोंडात धरला.

“ह्या लिंबू माझ्या नि कडवाच्या मधी येता.”

“लिंबू ना,” कायतान म्हणाला. तो आता टेबलापाशी स्टूल घेऊन बसला होता. “आनी?”

“बर्फ घाला नि ढवळा. गार झाला काय काढून टाका.”

“काडून उडोवं?” त्याने चष्म्यावरून बघितलं.

“होय. नि लिंबाची साल घाला, रस नको. नि एक मिरची. उबी चिरून.”

“मिरची उराकांत घालतात, बाय. जिनांत ना.” उराक म्हणजे काजूची दारू.

“तुमका करूक येता काय नाय?”

“येता मगो.”

“मगे करा.”

हा आवाज मी ओळखत होतो. वाटप घालताना हाताखालच्या बायकांना ती याच आवाजात सांगायची. पण ते दुसऱ्यांच्या जेवणासाठी असायचं.

कायतानने सांगितलं तसं केलं. बर्फाचे खडे चमच्याने एकेक काढून बशीत ठेवले. साल बोटांत चिमटून पेल्याच्या काठावर फिरवली. मिरची चिरून आत सोडली, ती तरंगत राहिली. शालनने पेला दोन्ही हातांनी धरला आणि नाकाशी नेला, मग प्याली. डोळे मिटले. मी तिच्या गळ्याकडे बघत होतो, गिळतेय की नाही.

“आदी कडू,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “मगे तिखट. नि मागसून एक येता. वास. थांबा हां.” ती पुन्हा प्याली. “सालपांचो.”

“कसल्या सालपांचो?”

“रंध्याच्या. बाबा रंधो मारीत ना, ताजी फळी, तेची सालपां पडत. तसो वास.”

तिचे वडील सुतार होते हे मला ठाऊक होतं. आमच्या लग्नातला चौरंग त्यांनीच केला होता. पुढचं मला ठाऊक नव्हतं. ती सांगत गेली, सलग नाही, घोट घेत, मध्येच थांबत. त्यांच्या मांगरात, घराबाहेरच्या कामाच्या खोपीत, दुपारी सालपांचा ढीग पडायचा. सहा-सात वर्षांची असताना ती त्या ढिगात शिरून झोपायची. अंगावर सालपं ओढून घ्यायची, पांघरुणासारखी. वरून वडिलांचा रंधा चालू असायचा, सर्र, सर्र, आणि नवी सालपं तिच्यावर पडत राहायची, अजून गरम असलेली. जाग यायची तेव्हा ती पुरती बुजलेली असायची आणि वडील म्हणायचे, शालू खंय गेली? आणि मुद्दाम सगळीकडे शोधायचे.

“तेवढी बरी झोप माका परत कधी लागूक नाय,” ती म्हणाली.

तिचा आवाज लांबून यावा तसा येत होता. पंखा फिरत होता. म्हातारी आपला पेला संपवून आत जेवायला गेली होती. छपरावरचं ऊन आता खाली सरकून शालनच्या डोक्याच्या पंच्यावर आलं होतं आणि मला क्षणभर तिथे केस दिसले, आखूड, भुरकट, सालपांसारखे वळलेले. मी डोळे चोळले. पहाटे तीनला उठलो होतो, तेव्हा डुलकी लागली असेल.

“भूक लागली,” शालन म्हणाली.

मला खरं वाटलं नाही. “काय?”

“भूक. पोटात. कायतान, जेवणाक काय आसा?”

नुस्त्याची, म्हणजे माशाची, कढी होती, भात होता आणि सुक्या सुंगटांची, कोलंबीची, किसमूर होती, खोबरं-कांदा घालून. कायतान आत सांगून आला. “कितें वाडूं?” त्याने विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्याकडे बोट केलं. मी तोंड मिटलं.

“भात थोडो. कढी वेगळी. किसमूर चार बोटां जास्त.”

ताट आलं. तिने पहिला घास घेतला. मी खुर्ची पुढे ओढली आणि टेबलावर कोपर टेकून तिच्या तोंडाकडे बघायला लागलो. एक घास. दोन. मी मनात मोजत होतो. तिसऱ्याला ती थांबली.

“ओ.”

“काय झाला? मळमळता?”

“तिकडे बघा.”

“खंय?”

“भायेर. पाण्याकडे. माझ्याकडे बघू नकात.”

“माका बघूक नको काय, तू गिळतंस—”

“तुमी बघतास म्हणून घास जाणा नाय,” ती म्हणाली. “एवढा कळणा नाय तुमका? पाठ करून बसा.”

कायतान फळीमागे पेले पुसत होता. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं. मी खुर्ची उचलली आणि उलटी मांडली. आता माझ्यासमोर खिडकी, खिडकीत पाणी, पाण्यावर बांधलेल्या होड्या. माझ्या पाठीमागे माझी बायको जेवत होती की नाही, हे मला दिसत नव्हतं. एकतीस वर्षांत मी कुणाकडे पाठ करून गोळी दिली नव्हती.

मी ऐकत राहिलो. बांगडीचा आवाज यायचा. ताटाला बोटं लागल्याचा. मिरचीने ती नाक ओढायची. मग बराच वेळ काही यायचं नाही आणि माझी मान वळायला लागायची, आणि मी ती परत पाण्याकडे आणायचो. एका होडीत एक माणूस तोंडावर टोपी घेऊन झोपला होता. होडी हलायची तसा तोही हलायचा. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. अर्धा तास असेल. मला तो एखाद्या मोठ्या आजारातल्या तापासारखा आठवतो, लांबलचक, आणि मध्ये मध्ये फार सुखाचा.

“वळा आता,” ती म्हणाली.

ताटात माशाचा काटा होता आणि किसमुरीचे चार कण. भात नव्हता.

*

गाडीत तिने खिडकीची जागा मागितली. एरवी ती आतल्या बाजूला बसायची, वाऱ्याने मला त्रास होतो म्हणून खिडकी माझ्याकडे, ती बंद करायला. त्या दिवशी तिने काच उघडली. पंच्याचं टोक उडत होतं. म्हापसा मागे पडल्यावर ती म्हणाली,

“अडतीस वर्सां.”

“काय?”

“आमच्या लग्नाक. नि तेच्या आदी बावीस. एवढ्या वर्सांत माका कोणी इचारूक नाय, तुका कसा होया म्हणान.”

“कोणी म्हणजे?”

“कोणी म्हणजे कोणी. आवशीन नाय, सासून नाय, तुमी नाय.” तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारात पिशवीतून काहीतरी पडलेलं घरी येऊन लक्षात यावं, तशी ती बोलत होती. “मी पण माका इचारूक नाय. आज तेना इचारला, नि माका उत्तर येणा नाय. केवढी लाज वाटली.”

“तू सांगूचा होता.”

“माका खंय म्हायत होता?” ती म्हणाली, आणि खिडकीवर डोकं टेकून झोपली. बांद्यापर्यंत उठली नाही.

टॉनिकच्या बारा बाटल्या मी पिशवीतून आणल्या होत्या. जिन आणायची माझी छाती झाली नाही, मध्ये तपासणी नाका होता. पण शालनचं म्हणणं, घरी कडू आणि मिरची पुरे, सालपांचा वास गोव्यात जाऊन घेऊ. रोज जेवायच्या आधी ती आपल्या हाताने पेला करायची, बर्फ घालून काढायची. मी पडवीत जाऊन बसायचो, मागिलदाराकडे पाठ करून. पंधरा दिवसांनी काटा चाळीस किलो दोनशेवर गेला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून पुन्हा बघितलं.

“काय दिलंत हो?”

“ह्यांका इचारू नकात,” शालन म्हणाली. “माका इचारा.”

पाचवी बाटली झाली, सहावी झाली. दोन्ही वेळा आम्ही कायतानकडे गेलो. तिला बघितलं की तो काही न विचारता मिरची चिरायला घ्यायचा आणि ती म्हणायची, “इचारा आदी. आज वेगळा होया आसात तर?” तो हात जोडायचा. मग विचारायचा.

आजाराने आम्हाला त्यानंतर अकरा महिने दिले. त्या अकरा महिन्यांत मी तिला विचारायला शिकलो. सुरुवातीला जमायचं नाही, मी विचारायचो आणि उत्तरही मीच द्यायचो. मग जमलं. चहा कसा हवा, पातळ की दाट. रेडिओ हवा की नको. तीही आधी “तुमका होया तसा” म्हणायची, मग सांगायला लागली. मला कळलं की तिला पेज कधीच आवडत नव्हती, ती मला आवडते म्हणून व्हायची. फुलांच्या दिवसांत दर शनिवारी मी बाजारातून सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, आणायचो, त्याने तिचं डोकं दुखायचं. उशी तिला नको असायची. पहाटेचा काळोख तिला आवडायचा आणि दिवेलागण आवडायची नाही. मी वहीत लिहून ठेवत होतो असं नाही, पण मला सगळं पाठ आहे.

मार्गशीर्षात ती गेली. पहाटेच गेली. शेवटच्या दिवसांत तिला बोलता येत होतं, आणि मी विचारत होतो. पाणी देऊ का, कूस बदलू का, मुलीला हात धरू देऊ का. त्यातल्या कशालाही तिने “तुमका होया तसा” म्हटलं नाही.

बायका जमल्या. न्हाऊमाखू घातल्यावर माझी बहीण बाहेर आली आणि मला म्हणाली, “दादा, लुगडा खयचा नेसवू?”

मी उठून कपाट उघडलं. आत तिची सगळी लुगडी घड्या करून ठेवलेली होती, आणि अकरा महिन्यांत मी तिला इतकं विचारलं होतं, पण हे विचारलं नव्हतं. बहीण माझ्या बाजूने पुढे झाली. मग म्हणाली, “सवाष्ण गेली, हिरवाच नेसवूक होया,” आणि तिने हिरवं काढून नेलं.

तिला हिरवा रंग आवडायचा की नाही, ते विचारायचं राहिलं.